सशाची साक्ष

धनत्रयोदशीला सोन्याच्या भावाचा विषय निघाला की आमच्या घरात एक हिशोब हमखास मांडला जातो. नवऱ्याच्या लॅबमध्ये येणारी अँटिबॉडीची कुपी शंभर मायक्रोलिटरची असते. शंभर मायक्रोलिटर म्हणजे डोळ्यांत घालायच्या औषधाचे जेमतेम दोन थेंब, आणि किंमत चारशे-साडेचारशे डॉलर. वजनाला वजन लावलं तर सोनं कितीतरी स्वस्त पडतं. बर्फाच्या पाकिटांत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यातून ती कुपी येते आणि तिच्यावर एक ओळ छापलेली असते, की हे फक्त संशोधनासाठी आहे, रोग्यावर वापरायचं नाही. मराठी शिकवणाऱ्या बाईला या विषयात लिहायचा काय अधिकार, असं मंडळातल्या काही जणांना वाटेल. अधिकार नाहीच. पण गेली चार वर्षं आमचं घर, आमचा व्हिसा, लेकीची शाळा आणि माझी नोकरी अशा एका कुपीवर टेकलेली होती. तेवढ्या ओळखीवर हे लिहिते आहे.

अँटिबॉडीला आपल्या पाठ्यपुस्तकात प्रतिपिंड म्हणतात. शरीरात परकं काही शिरलं की त्याला ओळखून चिकटणारं प्रथिन ते हेच. १८९० साली बर्लिनमध्ये बेहरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वात, घटसर्प यांच्या विषाला टक्कर देणारं काहीतरी जनावराच्या रक्तात तयार होतं आणि ते काढून दुसऱ्या जनावराला देता येतं. माझ्या सासूबाई ही गोष्ट पुस्तक न वाचता सांगतात. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत. पावसाळ्यात रात्री-अपरात्री बैलगाडीतून नाहीतर जीपमधून साप चावलेला माणूस यायचा, तेव्हा त्या कपाटातून हाफकिनच्या पांढऱ्या भुकटीच्या कुप्या काढून पाण्यात विरघळवायच्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचायचं आणि घोड्याच्या रक्तातून निघालेली अँटिबॉडी माणसाला द्यायची. "म्हणजे घोड्याचं काम तुमच्याकडं ससा करतो," असं त्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या. नवरा म्हणाला, "हो आई, फक्त आमचा ससा कुणाला वाचवत नाही. तो साक्ष देतो."

त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. एखादं प्रथिन पेशीत आहे की नाही, असलं तर किती, हे डोळ्यांना दिसत नाही. मग त्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचतात. सशाचं शरीर त्याला परका समजून अँटिबॉडी तयार करतं. ती काढून घ्यायची आणि पेशींच्या रगड्यात सोडायची. ती ज्याला चिकटेल ते आपलं प्रथिन. संशोधन पुढं जातं ते या सशाच्या साक्षीवर.

कुठलं प्रथिन, हे सांगायचं तर आधी पॉलिअमाइन सांगायला हवीत. शब्द रुक्ष आहे, गोष्ट तशी नाही. पॉलिअमाइन म्हणजे पेशीतले छोटे, धनभारित रेणू. ते डीएनए-आरएनएला चिकटून राहतात आणि त्यांच्यावाचून पेशी वाढत नाही, दुभंगत नाही. नावं मात्र एकेक अशी की जेवताना काढू नयेत. एकाचं प्युट्रेसीन, दुसरं त्याच्याच घराण्यातलं कॅडॅव्हरीन. कुजणाऱ्या मांसात सापडली म्हणून १८८५ च्या सुमारास ब्रीगर नावाच्या जर्मन डॉक्टरनं ठेवलेली ही नावं. स्पर्मिनचं नाव कुठून आलं ते नवरा सासूबाईंसमोर सांगायला लाजला. शेवटी त्यांनीच विचारलं, "वीर्यात सापडलं का रे?" सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकवाल्या लेवेनहूकला वाळलेल्या वीर्यात स्फटिक दिसले, त्यांची खरी रचना कळायला १९२० चं दशक उजाडलं. चौथं स्पर्मिडीन. ते गव्हाच्या अंकुरात, सोयाबीनमध्ये, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असतं आणि हल्ली इथल्या दुकानांत त्याच्या गोळ्याही विकायला असतात. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. गव्हाचं सत्त्व आमच्या आजीनं अनेक पिढ्यांना खाऊ घातलं आहे, बिनालेबलाचं.

ही पॉलिअमाइन कमी पडली तर पेशी वाढायची थांबते आणि जास्त झाली तर पेशीला अपाय होतो. कर्करोगाच्या पेशींना ती भरपूर लागतात. म्हणून पेशीनं त्यांच्यावर फार कडक बंदोबस्त ठेवला आहे. हा बंदोबस्त मला समजावताना नवऱ्यानं तीन वेळा फळा पुसला. शेवटी आम्ही त्याचं पन्हाळगड केलं, मग समजलं.

ओडीसी नावाचं एक प्रथिन आहे. पॉलिअमाइन बनवण्याचं पहिलं काम तेच करतं, म्हणून ते राजे. पॉलिअमाइन जास्त झाली की पेशी अँटीझाइम नावाचं दुसरं प्रथिन बनवते. ते ओडीसीला पकडतं आणि पेशीतल्या मोडतोडीच्या यंत्राकडं घेऊन जातं. हा सिद्दी जौहर. ओडीसीचं आयुष्य एरवीही मिनिटांत मोजण्याइतकंच असतं, सिद्दीच्या हाती लागलं की संपलंच. आणि मग येतं तिसरं प्रथिन, अँटीझाइम इनहिबिटर. नवऱ्याचं प्रथिन ते हे. दिसायला ते हुबेहूब ओडीसीसारखं, पण काम शून्य, पॉलिअमाइनचा एक रेणूही त्याला बनवता येत नाही. त्याचा गुण एकच. सिद्दीला ते खऱ्या राजांपेक्षा जास्त घट्ट धरतं. सिद्दी त्याच्यात गुंतून पडतो आणि राजे निसटतात. १६६० साली पालखीत बसून शत्रूच्या हाती सापडलेल्या शिवा काशिदाची गोष्ट आपल्याला चौथीपासून पाठ आहे. पेशींनी ती युक्ती त्याच्या किती आधी केली असेल, कुणास ठाऊक. आमच्या घरात तेव्हापासून त्या प्रथिनाचं नाव काशीद पडलं. लेकीला अजून त्याचं खरं नाव माहीत नाही.

इथं थोडं विषयांतर करते, कारण यातला सगळ्यात सुंदर भाग माझ्या विषयातला आहे. सिद्दी, म्हणजे अँटीझाइम, पॉलिअमाइन वाढल्यावरच बनतो, पण पेशीला कळतं कसं की ती वाढली? पेशी आरएनएवरचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. काही त्रिकुटांचा अर्थ "इथं थांब" असा असतो, म्हणजे पूर्णविराम. अँटीझाइमच्या मजकुरात असा एक पूर्णविराम अगदी सुरुवातीलाच आहे. एरवी वाचन तिथं थांबतं आणि काही उपयोगाचं बनत नाही. पण पॉलिअमाइन भरपूर असली की वाचणारं यंत्र त्या जागी एक अक्षर पुढं घसरतं. मग पूर्णविराम दिसतच नाही, पुढचं वाक्य नव्या जुळणीनं वाचलं जातं आणि सिद्दी तयार होतो. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे उलगडलं. मी ते रविवारच्या मराठी शाळेत असं शिकवते. फळ्यावर लिहिते, "आतातूथांबरेचबोलना". तीन-तीन अक्षरांनी वाचा: आतातू, थांबरे. झालं, थांबा. आता "थां" हे अक्षर गाळून पुढं वाचा: आतातू, बरेच, बोलना. आता तू बरेच बोल ना! मुलं खिदळतात आणि मग शब्दशः आज्ञा पाळतात. आधीच्या बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला घालवलेल्या सहा महिन्यांपेक्षा अक्षराची किंमत या एका ओळीनं जास्त कळली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर आमचा प्रश्न असा, की काही प्रकारच्या गाठींत काशीद वाढलेला असतो का? वाढलेला असेल तर सिद्दी अडकून राहणार, राजे मोकळे सुटणार आणि गाठ वाढणार. हे शोधायला काशिदाला ओळखणारी अँटिबॉडी हवी. ती एका कंपनीकडं होती, सशाची.

तपासणीच्या पद्धतीला वेस्टर्न ब्लॉट म्हणतात. एडविन सदर्न या शास्त्रज्ञानं १९७५ साली डीएनएसाठी एक पद्धत काढली, तिला सदर्न ब्लॉट नाव पडलं. मग आरएनएवाल्यांनी विनोदानं आपल्या पद्धतीला नॉर्दर्न म्हटलं आणि १९८१ मध्ये प्रथिनवाल्यांनी वेस्टर्न. इतक्या गंभीर माणसांनी असा विनोद करून तो पुढं चालू ठेवावा याचं मला कौतुक वाटतं. करायचं असं: पेशी रगडायच्या, त्यातली प्रथिनं जेलीच्या पातळ तुकड्यातून विजेच्या प्रवाहानं पळवायची. लहान प्रथिन पुढं जातं, मोठं मागं रेंगाळतं. मग ती सगळी कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर उतरवून घ्यायची. अँटिबॉडी पडद्याच्या कोऱ्या जागेला उगीच चिकटू नये म्हणून तो आधी दुधात भिजवायचा. हो, दुधातच. सायविरहित दूध पावडर, शंभराला पाच. लॅबमधली संपली तेव्हा मी गुलाबजामसाठी आणलेला मोठा डबा एका रात्रीत गायब झाला होता. त्या वर्षी मंडळाच्या फराळात माझ्या वाट्याचे गुलाबजाम का नव्हते, हे विचारणाऱ्यांना आज उत्तर मिळालं असेल.

मग रात्रभर थंड खोलीत सशाची अँटिबॉडी. सकाळी तिला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी, ती बहुधा शेळीची. शेळीच्या अँटिबॉडीला चमकणारं शेपूट जोडलेलं असतं. शेवटी फोटो. काळ्या-करड्या पट्ट्या दिसतात. काशिदाचं वजन पन्नासच्या आसपास, म्हणून पट्टी पन्नासच्या खुणेजवळ यायला हवी. आली. साध्या पेशींत बारीक, गाठीच्या पेशींत जाड. नवऱ्यानं तो फोटो मला दाखवला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातानं मी फोन धरला नाही, लांबूनच पाहिलं. एक जाड रेघ, बाकी काही नाही.

खात्री करायची पद्धत असते, तीही त्यानं केली. पेशीत काशीद बनण्याचा हुकूमच दाबून टाकायचा. पट्टी पुसट झाली तर ती काशिदाचीच. पट्टी पुसट झाली. पुढं दोन वर्षं त्या पट्टीवर काम उभं राहिलं.

या दोन वर्षांत माझं काय चाललं होतं तेही सांगायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी सहशिक्षिका होते. एम.ए., बी.एड., तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढल्यावर कायम झाले होते. ती नोकरी मिळणं म्हणजे काय, हे गावाकडच्या वाचकांना सांगायला नको. इथं आले ती बिनपगारी रजा घेऊन. एच-फोर व्हिसावर मला पगारी काम करता येत नाही. रजा एकदा वाढवून मिळाली, मग संस्थेचं पत्र आलं, की जूनमध्ये हजर व्हा किंवा राजीनामा द्या. संस्थेचंही बरोबर होतं, नववी-दहावीचे वर्ग किती दिवस दुसऱ्यांवर ढकलायचे? आम्ही तीन रात्री बोललो. पेपर लिहून होत आला होता. तो छापून आला की नवऱ्याला कायमच्या जागेसाठी अर्ज करता येणार, ग्रीन कार्डाचं काम सुरू होणार, मग मलाही काम करता येणार. मी जानेवारीत राजीनामा टपालात टाकला. त्या रात्री लेकीनं विचारलं, "आता तू टीचर नाहीस का?" मी म्हटलं, रविवारी आहे ना.

एप्रिलमध्ये कुपी संपली. नवी मागवली. तिच्यानं पट्टी दिसेना, आणि दिसली ती भलत्याच जागी. नवऱ्यानं आठवडाभर पाण्यापासून विजेपर्यंत सगळ्याला दोष दिला. रविवारच्या कॉलवर तो गप्प होता, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, बॅच नंबर बघितलास का? आम्ही सापाच्या लशीचा बॅच नंबर रजिस्टरला लिहीत होतो. घोडा बदलला की औषध बदलतं."

बॅच बदललेली होती. ससा बदलला होता. एका सशाच्या रक्तात नाना तऱ्हेच्या अँटिबॉडी असतात, त्यातली कुठली किती हे त्या सशावर अवलंबून. तो ससा गेला की त्याची साक्षही गेली, हुबेहूब तशी पुन्हा मिळत नाही. यावर १९७५ साली केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाइन यांनी उपाय काढला होता. एकच अँटिबॉडी बनवणारी पेशी अमर करायची आणि कायम तीच काढत राहायची. १९८४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पण काशिदासाठी त्या वेळी हाताशी होता तो ससाच.

आता नवऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं नुसता हुकूम दाबण्याऐवजी काशिदाचा जीनच पेशीतून कापून काढला. कापला गेला की नाही हे अक्षर-अक्षर वाचून तपासलं. मग फ्रीजरच्या कोपऱ्यात राहिलेल्या जुन्या कुपीच्या तळाशी जेवढं होतं तेवढं वापरून ब्लॉट केला. पट्टी होती! पुसट होती, पण पन्नासच्या खुणेजवळ निवांत बसलेली होती. ज्या घरात काशीदच राहत नाही, तिथं सशाला काशीद दिसत होता.

मग सशाला दिसत होतं कोण? तुम्ही ओळखलं असेल. राजे. त्यानं दुसऱ्या पेशींत काशिदाला हात न लावता फक्त ओडीसीचा हुकूम दाबला आणि पट्टी गेली. दोघांचे चेहरे इतके सारखे की सशाच्या शरीरानं जी खूण लक्षात ठेवली ती दोघांच्याही अंगावर होती, आणि आमच्या कुपीत राजांना ओळखणाऱ्याच जास्त.

मग पहिली खात्री का पटली होती? या प्रश्नावर मी नवऱ्यापेक्षा जास्त दिवस अडून बसले, कारण माझा राजीनामा त्या खात्रीवर गेला होता. उत्तर पन्हाळ्यावरच आहे. काशिदाला काढून घेतलं की सिद्दी मोकळा होतो. मोकळा सिद्दी राजांना पकडतो. म्हणजे काशीद कमी केला की राजेही आपोआप कमी होतात. ससा पाहत होता राजांना, पट्टी पुसट झाली ती राजे कमी झाले म्हणून, आणि आम्हाला वाटलं काशीद कमी झाला. तपासणी ठरलेल्या रीतीनं झाली होती, उत्तरही अपेक्षेप्रमाणे आलं होतं, फक्त ते दुसऱ्याच माणसाबद्दल होतं. हे कळल्यावर मला राग यायला हवा होता. खरं सांगते, पहिल्यांदा मला दाद द्यावीशी वाटली. राग नंतर आला, भांडी घासताना.

गाठीच्या पेशींत ओडीसी वाढतं, ही गोष्ट जगाला कित्येक वर्षं माहीत आहे. म्हणजे दोन वर्षं खपून नवऱ्यानं जुनीच बातमी नव्यानं शोधली होती. पेपर मागं घेतला, तो अजून पाठवला नव्हता हे नशीब. त्यानं बॉसला सांगितलं त्या दिवशी मी दिवसभर फोनकडं बघत होते. बॉस भला माणूस, त्यानं एवढंच विचारलं, "किती महिन्यांचा पगार उरलाय तुझ्या ग्रँटमध्ये?" अकरा. कंपनीला फोटो पाठवले. तिनं आभार मानले आणि पुढच्या खरेदीवर पैसे वळते करून दिले. म्हणजे दुसरा ससा घ्या.

यात आम्हीच एकटे नव्हतो, हे मला नंतर वाचून कळलं आणि बरं वाटलं की वाईट, ते ठरवता आलं नाही. २०१५ साली 'नेचर'मध्ये ब्रॅडबरी आणि प्ल्युकथुन यांनी आणखी एकशे दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी लिहिलं, की बाजारातल्या अँटिबॉडींचा भरवसा राहिलेला नाही, प्रत्येकीची जनुकीय अक्षरं जाहीर करा आणि ती वाचून पुन्हा पुन्हा तशीच बनवा, जनावरावर अवलंबून राहू नका. मॉन्ट्रियलच्या एका गटानं पुढं ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडी एकेक करून तपासल्या, जीन कापलेल्या पेशी शेजारी ठेवून. २०२३ मध्ये त्यांनी निकाल छापला. प्रत्येक प्रथिनामागं सरासरी बाराएक पेपर असे निघाले, ज्यांत वापरलेली अँटिबॉडी ते प्रथिन ओळखतच नव्हती. त्यानंतर कंपन्यांनी, त्यांना शाबासकी द्यायला हवी, नापास झालेल्यांपैकी सुमारे वीस टक्के विक्रीतून काढल्या आणि चाळीसेक टक्क्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. त्या बारा-बारा पेपरांमागं कुणाकुणाच्या स्वयंपाकघरात काय काय ठरलं असेल, ते कुठं छापून येत नाही.

एवढ्या सगळ्यात या विषयाबद्दल मनात अढी बसायची. ती बसली नाही याचं एक कारण आमच्या मिशिगनमध्येच आहे. ग्रँड रॅपिड्सच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. बप यांच्याकडं एक छोटी मुलगी होती, केस आणि भुवया नसलेली, वाढ मागं पडलेली. तिच्या ओडीसीच्या जीनमध्ये बदल सापडला. प्रथिनाचा शेवटचा तुकडाच बनत नव्हता आणि मोडतोडीला नेण्यासाठी नेमका तोच लागतो. म्हणजे राजे मरतच नव्हते, पॉलिअमाइन साचत होती. २०१८ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे डॉ. बाकमन अनेक वर्षं ओडीसी रोखणाऱ्या डीएफएमओ या औषधावर काम करत होते. औषध जुनं, आफ्रिकेतल्या निद्रारोगावर १९९० पासून मान्यता असलेलं. दोघांची गाठ पडली, खास परवानगी काढून मुलीला औषध दिलं आणि तिच्या डोक्यावर केस आले, भुवया आल्या. गंमत अशी, की याच औषधाचं मलम बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करायला विकलं जातं. २०२३ च्या डिसेंबरात, लहान मुलांना होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगाचा धोका जिथं जास्त, तिथं तो उलटू नये म्हणून त्याला इथं मान्यता मिळाली. मी हे वाचून सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "त्या पोरीच्या आईनं पहिल्यांदा वेणी घातली असंल तेव्हा..." आणि चष्मा पुसायला लागल्या.

अकरा महिन्यांत नवऱ्यानं जे वाचण्यासारखं होतं ते वाचवलं. काशिदाच्या जीनलाच शेवटी एक छोटी खूणगाठ बांधली. आता काशिदाचा चेहरा ओळखायचा नाही, त्याच्या दंडावरचा ताईत ओळखायचा. ताईताची अँटिबॉडी खात्रीची मिळते. त्यातून जे दिसलं ते आधीच्या दाव्यापेक्षा खूपच लहान होतं. एका प्रकारच्या पेशींत काशीद थोडा वाढतो, बाकीच्यांत नाही. पण आहे ते आहे. पेपर झाला आठ पानांचा. त्यात दोन पानं फक्त याची, की काशीद दाबल्यावर पट्टी पुसट का होते आणि तिच्यावर का विसंबू नये. ती दोन पानं लिहिताना इंग्रजीतली वाक्यं त्यानं मला वाचून दाखवली आणि मी दोन ठिकाणी त्याला थांबवलं, कारण "तो" म्हणजे काशीद की राजे हे कळत नव्हतं. सर्वनामाचा गोंधळ. तिथं माझा अधिकार आहे.

पेपर जुलैत छापून आला. कायमच्या जागेच्या मुलाखती अजून चालू आहेत, दोन नकार आले, एका ठिकाणी दुसऱ्या फेरीला बोलावलंय. व्हिसा पुढच्या सप्टेंबरपर्यंत आहे. माझ्या जागेवर शाळेत एक नव्या बाई आल्या आहेत, त्यांनी मला फोन करून दहावीच्या व्याकरणाच्या माझ्या वह्या मागितल्या. मी आईला सांगून ट्रंकेतून काढायला लावल्या आणि पाठवल्या. इथं शिकवण्याचा परवाना काढायचा तर कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, म्हणून कोल्हापूरहून विद्यापीठाच्या गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मागवल्या आहेत. पाकीट निघालं आहे असं कळतं. लॅबमध्ये परवा काशिदाची नवी अँटिबॉडी आली, जनावराशिवाय बनवलेली, अक्षरं जाहीर असलेली. तपासायला जीन कापलेल्या पेशी फ्रीजरमधून काढून वाढत ठेवल्या आहेत. दूध पावडरचे डबे मी यंदा दोन आणलेत.